दुसरी गाठ

झाडाला खोगीर नसतं.
खोगीर माणसाला बांधतात,
मांड्यांखालून पट्टे घेऊन, कमरेत आवळून,
मग झाड त्याला रात्रभर वागवतं.

कादवेच्या काठी, उसाच्या फडाला लागून एक चिंच.
तिच्यावर आम्ही दोघी. डॉक्टर शाहीन तांबोळी,
मांडीवर भुलीची बंदूक,
आणि मी, वनरक्षक हौसा भोये. दोर माझ्याकडे.
जानेवारी. निफाडकडचा गारठा.
द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर
जमिनीला धरून सरकतोय.
पिंजऱ्याला बिबट्या भुलला नव्हता.
चार रात्रींत आतली शेळी मात्र
पाला खाऊन चांगली सुटली होती.

पहिला दोर खोडाभोवती, छातीच्या उंचीवर.
दुसरा हातभर वर, बेचक्यात.
वेगळी फांदी, वेगळी कडी, वेगळी गाठ.
पहिल्याने दगा दिला तर दुसरा
त्याच्या नात्यातला नको.
सोसायटीत एकाच घरातले दोन जामीन
चालत नाहीत, तसं.

हे शिकवायला साहेब आले होते,
फळ्यावर बाण काढून, लाल खडूने.
मला हसू आलं. आमच्या घरात हे सगळं
मामाच्या नावावर होतं.

हरसूलच्या वरच्या कड्याला आग्यामोहोळ.
आबा धूर घेऊन उतरायचा, एका दोरावर.
दोर वर अंजनीच्या बुंध्याला
आणि त्याचं शेपूट मामाच्या हातात.
सख्ख्या भावाच्या कधीच नाही.
भाऊ वाटेकरी.
मामाला बहिणीचं कपाळ सांभाळायचं असतं.

एका वर्षी दोघांचं बोलणं तुटलं,
बैलाच्या पैशांवरून.
आबा म्हणाला, झाड आहे ना, पुरे.
पहाटे कड्यावर पोचलो तर मामा आधीच बसलेला,
आमच्याकडे पाठ करून,
दोराचं शेपूट मांडीला वेढून.
आबा उतरला. वर आला.
तीन डबे भरले. शब्द एक नाही.
मी सात वर्षांची, मेण चघळत
दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

अडीचला ऊस हलला.
वारा नव्हता.
तो आला तो पिंजऱ्याच्या अंगाने नाही,
आमच्या पाठीमागून, बांधावरून,
रात्रीचं पाणी धरायला आलेल्या मालकासारखा.
डॉक्टरांनी कंबर वळवली.
दुसरा दोर आडवा आला.
त्यांचे ओठ नुसते हलले:
काढ तो. दोन मिनिटं.
मी मान हलवली.
त्यांनी माझ्याकडे असं बघितलं
की त्यापेक्षा खालचा बरा.
पुन्हा वळल्या. पुन्हा दोर.
पट्टा कुरकुरला, तेवढ्याने त्याने वर पाहिलं,
आम्हा दोघींना, लोंबत्या बुटांना,
आणि कोथिंबिरीच्या वाफ्यातून,
एक काडी न मोडता, निघून गेला.

उजाडता उतरलो.
बांधावर माणसं जमलेली. कुणीतरी विचारलं,
गावला का?
उत्तर शेळीने दिलं.

मी दोर पसरले, हाताने चाचपले.
पहिला सालीने खरवडलेला, काळपट.
दुसरा कोरा, आत्ताच दुकानातून आणल्यासारखा.
सरकारी वहीत प्रत्येक दोरापुढे एक रकाना असतो: वापर.
दुसऱ्यापुढे लिहिलं, नाही.
खोडलं.
लिहिलं, रात्रभर.

जीपमध्ये डॉक्टर खिडकीकडे तोंड करून बसल्या.
पिंपळगाव येईपर्यंत एक शब्द नाही.
मग थर्मासचं झाकण भरून
न बघताच माझ्याकडे सरकवलं.
चहात साखर नव्हती.
मी प्यायले.