गाडी लागली

आंबोलीच्या वळणावर मी ओकलो तेव्हा
सगळे म्हणाले, गाडी लागली.
मीही म्हणालो, गाडी लागली.
कोणी आलेपाक दिला, कोणी लिंबू हुंगायला,
सुकुमारने खिडकीकडची जागा सोडली.

मला आजवर कधी गाडी लागलेली नाही.
गगनबावड्याच्या घाटात उलटा बसून मी भडंग खाल्लंय.
आदल्या रात्रीपासून पोटात ढवळत होतं,
पण चार घरांनी वर्षभर भिशी लावून काढलेली सहल,
तिच्यात खडा मी कशाला टाकू?

बांद्याच्या पुढे अननस मी कापला.
हातांवर ती दारूच्या वासाची बाटली
दोनदा दाबली होती, म्हणजे झालंच.
मीठ-तिखट लावून एकेक फोड
एकेकाच्या तळहातावर ठेवली.
रेवूने दोन मागितल्या.

आगोंदला समुद्र उशाशी ऐकू यायचा.
दुसऱ्या रात्री ऐकू येईना.
आजारी सात, संडास दोन.

घरमालकीण पेर्पेतबाय आली,
गाऊनवर रबरी मोजे, तोंडाला फडकं.
कुणाला काय होतंय, विचारलंच नाही.
विचारलं एवढंच,
"पयलीं कोण ओंकलो?"

सगळ्यांनी रेवूकडे बघितलं.
सहा वर्षांची पोर, बादली धरून बसलेली,
सॉरी म्हणाली.

तेव्हा माझा हात वर गेला.
उत्तर येत नसताना शाळेत जायचा तसा,
कोपरात वाकून.

वैजू माझ्याकडे बघत राहिली. बाकी कोणी नाही,
त्यांना वेळ नव्हता.
"तुका जालां न्ही? मागीर तूंच धू,"
म्हणत पेर्पेतबायने मोजे काढून दिले.
स्वयंपाकघराचा उंबरा मला बंद.
चादरी झटकायच्या नाहीत, अंगापासून लांब धरायच्या.
डागावर क्लोरीनचं पाणी ओतून
ते मुरेपर्यंत नुसतं उभं राहायचं
(हे उभं राहणं सगळ्यात लांब होतं).
मग कड्या, नळ, दिव्यांची बटणं,
आणि सगळ्यांचे फोन, कारण ते संडासातही नेलेले.
माझी ती बाटली तिने कचऱ्याच्या डब्यावर ठेवली,
आत टाकली नाही, नुसती वर ठेवली.
नळाशी पिवळ्या साबणाची वडी होती, नारळाच्या काथ्यावर.

पहाटे रेवू रडली
आणि डोळ्यांत पाणी आलं नाही.
मला ते दिसलं नव्हतं. पेर्पेतबायला दिसलं.
तिच्या भावाची रिक्षा काणकोणच्या दवाखान्याकडे सुटली.
उरलेल्यांना मीठ-साखरेचं पाणी, चमचा चमचा,
उलटून पडलं तर थोडं थांबून पुन्हा चमचा.
मग उकड्या तांदळाची पेज.
दुपारी मगदूमचा फोन आला,
"लघवी झाली!"
आम्ही अंगणात टाळ्या वाजवल्या.

शेवटची उलटी थांबल्यावरही दोन दिवस तिथेच राहिलो.
गाडीवाल्याला थांबण्याचे पैसे मी दिले,
कोणी नको म्हणालं नाही.

परतताना बांद्याला अननस रचून ठेवलेले.
गाडी थांबवा, असं कोणी म्हणेना.
रेवू मागच्या सीटवरून सरकत माझ्यापाशी आली,
दोन्ही तळवे माझ्या नाकाखाली धरले.
हुंगा, म्हणाली.