तीन पाकळ्यांचा स्क्रू

सरळ खाचेचा नाही, फुलीचाही नाही.
तीन पाकळ्यांचा.
इतकं नाजूक फूल कंपनीनं
कुणासाठी घडवलं असेल?
मला वाटतं, माझ्याचसाठी.
मी आत जाऊ नये म्हणून.

कूलर मंजुळा टेकामचा.
पांढराशुभ्र, मोबाइलवरून चालणारा,
बचत गटातून हप्त्यावर घेतलेला.
पंचेचाळीस अंशांत काळीपिवळीच्या टपावर बांधून
फाट्यावर आणला तिनं.
"वारंच नाई देऊन रायला बाई,
नुसता लाल डोया दाखवते."
घरी लेक बाळंतीण. आठवा दिवस.

कंपनीला फोन लावून झाला होता.
एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा.
माणूस यवतमाळहून येईल, दहा दिवसांत.
बाहेरच्या कुणी उघडला तर हमी संपली.
"आन् मी उघडला तं?" मी विचारलं.
मंजुळाबाई माझ्याकडे पाहतच राहिली.
"तू का बाहेरची हायेस?"

सासऱ्यानं ही टपरी माझ्या हाती दिली
तेव्हा एक लाकडी रेडिओही दिला होता.
त्याच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेला कागद,
अख्खा नकाशा,
कुठली तार कुठून निघते, कुठं जाऊन भेटते.
बनवणाऱ्यानं जणू चिठ्ठी ठेवली होती,
मी काही जन्माला पुरणार नाही,
पुढं जो उघडेल त्यानं इथून सुरू करावं.
कडा वाळवीनं खाल्ल्यात.
चिठ्ठी अजून वाचता येते.

सायकलचा एक आरा तोडला, कानस घेऊन बसले.
दोनदा टोक वाकडं गेलं.
तिसऱ्यांदा पाकळीत पाकळी बसली
आणि कर्रर्र.

आत काय,
दोन रुपयांचा फ्यूज, जळून काळा.
बदलला. बटण दाबलं.
पडद्यावर अक्षरं आली:
अनधिकृत दुरुस्ती. सेवा केंद्राशी संपर्क साधा.

हसू आलं आधी.
मग आलं नाही.
सातबारा मंजुळाबाईच्या नावावर,
हप्तेही तिच्याच,
आणि धुऱ्यावर पाय ठेवायचा
तर कंपनीला विचारून.

पंक्चरवाला जब्बार पेपरातून डोकं काढून म्हणाला,
"दुरुस्तीच्या हक्काचा कायदा येते म्हंते, रंजू."
येऊ दे ना.
वाटेत भेटला तर सांग त्याला,
फार कलमं नको बाबा,
स्क्रू साधा ठेव, सुटा भाग तालुक्याला मिळू दे,
आणि तो पुठ्ठ्यामागचा कागद,
तो परत चिकटव.
मे महिना आहे म्हणावं. पाय उचल.

मोटार बिचारी साधीच होती.
शहाणपण सगळं त्या नखाएवढ्या कार्डात.
ते काढून डबीत टाकलं.
त्या जागी भंगारातल्या पंख्याचा रेग्युलेटर,
पाच घरांचा, टक टक बोलणारा.
बाजूला भोक पाडून बाहेर काढला.
गोऱ्या गालावर चामखीळ दिसते तसा दिसतो.
मोबाइलनं हाक मारली तर आता ओ देणार नाही.
पण मंजुळाबाईनं पदर धरला समोर
आणि पदर शिडासारखा,
नाही, शीड कुठं पाहिलंय आम्ही,
पदर पोळ्याच्या झुलीसारखा फुगला.

"किती झाले?"
फ्यूजचे दोन, रेग्युलेटरचे चाळीस, हाताचे तू ठरव.
आऱ्याचे नाही. आरा माझ्याकडेच राहील.
त्याला लाल टेपची मूठ गुंडाळून
खिळ्याला अडकवलाय,
पुढचं फूल येईल तेव्हा.

झाकण लावायच्या आधी
वहीचं पान फाडलं.
ही तार इथं, ती तिथं.
कार्ड काढलं आहे, घाबरू नका.
खाली तारीख आणि नाव.
खळ नव्हती,
जब्बारचं पंक्चरचं सोल्यूशन लावून
आतून चिकटवलं.

मग स्क्रू आवळले.
साधे. फुलीचे.