बाइंडिंगला आलेलं

नाना पेठेत, टायरवाल्यांची गल्ली वळते तिथं माझं दुकान.
एक प्रेस, एक कटर, खळीचा डबा,
आणि वडिलांच्या हातची हाडाची पट्टी.
शाळांची हजेरीबुकं येतात, वकिलांचे निकाल,
एखादी पोथी, दिवाळीआधी चोपड्या.
बायबलंही येतात.
आमच्या लोकांची येत नाहीत.

येतात ती प्रॉटेस्टंटांची.
पाळकांच्या शिणगारेबाई दर तीन वर्षांनी:
पुठ्ठा सुटलेला, स्तोत्रांपाशी पाठ मोडलेली,
समासात लाल पेन्सिल, तारखा,
एका ठिकाणी नुसतंच "का?"
मी माप घेतो, त्या विचारतात,
"त्रिभुवन, तुमचं कधी शिवायला काढणार?"
मी म्हणतो, "आमचं टिकतं."

टिकतं खरं.
आजोबा धर्मशिक्षक होते. सांगायचे,
वाचायचं फादरांनी, आपण ऐकायचं,
पोराच्या हातात कुणी सुरी देतं का?
मग काळ पालटला. फादरच म्हणू लागले,
वाचा रे बाबांनो, घरी वाचा.
आम्ही "देवाला धन्यवाद" म्हणून खाली बसलो
आणि पुस्तक शोकेसमध्ये ठेवलं,
प्लॅस्टिकसकट, मारियामातेच्या डाव्या हाताला.

उपवासकाळात एका दुपारी
वडगाव शेरीहून फिलोमिना पाटोळे आल्या, दोन बस बदलून.
पिशवीत वर भोपळा, खाली पुस्तक.
"फादरना विचारावं लागतं का हो, शिवण घालायला?"
नाही म्हटलं.
कॅथलिक छपाई. हातात घेतलं तर आपणहून उघडलं,
रोज उघडत असेल तिथंच.
तोबीत.
शिणगारेबाईंच्या बायबलात हे पुस्तकच नाही.
कडेला हळदीचा अंगठा, एकाच जागी, पानामागून पान.
मध्ये झावळ्यांच्या रविवारचं वाळकं पातं,
पेन्शनची पावती.

"ह्यांचे डोळे गेले," त्या म्हणाल्या. "काचबिंदू.
त्यांना एवढंच लागतं. तो म्हातारा नाही का,
चिमण्यांची घाण डोळ्यांत पडून आंधळा झालेला.
रोज ऐकतात, रोज हसतात.
म्हणतात, माझ्या वेळी निदान चिमणी तरी यायची होती."

"अर्थ लागतो का सगळा?"

"अर्थ फादरना.
मला पुढं काय होतं ते माहीत आहे."

दोऱ्याला मेण लावून एकेक फर्मा शिवत गेलो.
शिवताना वाचू नये, हा वडिलांचा नियम.
वाचलंस की टाका चुकतो.
चुकला.
पोरगा परगावी निघतो, बरोबर अनोळखी सोबती,
आणि मागून एक कुत्रं.
कुणी बोलावलेलं नाही, नाव नाही, काही करत नाही.
कितीतरी पानांनी, परतीच्या वाटेवर
पुन्हा दिसतं. अजून मागेच.

एकशे ऐंशी झाले. त्यांनी दोनशे दिले,
वरच्या वीसची मेणबत्ती लावा म्हणाल्या.

रात्री घोरपडीला घरी शोकेसची किल्ली सापडेना.
भांड्यांतून हात काढून सिसिलिया बाहेर आली,
"कोण गेलं?"
"कुणी नाही."
सोनेरी कडा एकमेकींना चिकटलेल्या.
अंगठ्यानं सोडवायला लागल्या,
प्रत्येक पानाला बारीक आवाज, कोऱ्या नोटेसारखा.
ती पदराला हात पुसत तशीच उभी.
मी अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत बसलो,
कुत्रं कुठल्या पानावर आहे ते शोधत.