दोरीपुरतं छिद्र

आठ वाजता सुरू होणार होतं.
मी सातलाच दाढी करून घेतली.
कशाला, ते ऐलानंही विचारलं.
मी टॉवेल शोधत राहिलो.

एकवीस वर्षं झाली. पहिलं यंत्र घेतलं
तेव्हा कल्लावेसी तळ्यावरचा बर्फाचा रस्ता माझ्याकडे होता.
पन्नास पावलं चालायचं, गिरमिट फिरवायचं,
जाडी मोजून आकडा यंत्रात टिपायचा,
कच्चं लागेल तिथे स्प्रूसची फांदी रोवायची,
की गाड्यांनी इकडे येऊ नये.
उणे सव्वीसमध्ये, लोकरी हातमोज्यातून
ती चार बटणं बोटांना कळायची,
अंधारात घरची कडी कळते तशी.

आणि कोपऱ्यात एक छिद्र होतं. दोरी ओवायचं.

तिसऱ्या मॉडेलमध्ये ते बुजवलं.
मी पत्र टाकलं. उत्तर आलं, सूचनेबद्दल आभारी आहोत.
चौथ्यात रंग आले.
पाचवं घेतलं (मी घेतच गेलो, नाकारत नाही).
सहावं हातून निसटलं
आणि मीच पाडलेल्या भोकातून खाली गेलं,
दिवा चालू ठेवून.
हिरवा ठिपका, मग हिरवट, मग नुसतं पाणी.
त्या दिवशीचे सतरा आकडे माशांना पाठ असतील.
मग दरवर्षी एक पत्र.
ऐला म्हणायची, नाताळची कार्डं झाली ना,
आता तुझ्या दोरीचं लिही.

तर आठ वाजता
पांढऱ्या बुटांचा एक तरुण मंचावर आला.
चालला असा, की पायाखाली किती सेंटिमीटर आहेत
हा प्रश्न त्याला जन्मात पडला नसावा.
म्हणाला, आम्ही तुमचं ऐकलं.
मी खुर्ची पुढे ओढली.
खरं सांगतो, हात खिशातल्या दोरीवर गेला.

पातळ केलंय. टाळ्या.
बटणं काढून टाकली. टाळ्या.
आता हे तुमच्याशी गप्पा मारेल, तुमचा मूड ओळखेल,
आणि बघा, अखंड काच,
कुठे सांधा नाही, कुठे छिद्र नाही.
यावर तर लोक उभेच राहिले.

आधी वाटलं, माझी पत्रं कुणी वाचलीच नाहीत.
मग वाटलं, वाचली असतील.
हे जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, हातमोजे घालूनच.
काच दाबली. तिला माझा पत्ता नाही.
काउंटरवरची मिर्का म्हणाली, हातमोजा काढा ना.
म्हटलं, तळ्यावर?
ती हसली, मग हसायची थांबली,
आणि ड्रॉवरमधून चिकटवायची एक कडी काढून दिली, फुकट.
भली पोर. थंडीत गोंद सुटतो, हे मी तिला सांगितलं नाही.

आज पेन्सिलीला चाकूनं खाच पाडली.
दोरी बसली. गळ्यात अडकवली.
दोनदा टोक मोडलं, वहीवर हिम पडून एक पान गेलं,
पेन्सिल काही फार शहाणी नाही.
तरी:
काठापासून चारशे मीटर, एकोणतीस सेंटिमीटर. चालेल.
सहाशे मीटर, अठरा. फांदी.

यंदाचं पत्र अजून लिहिलेलं नाही.
जुन्या ग्राहकांना दहा टक्के सूट, असा एक कागद आलाय,
वर माझं नाव, तोर्स्ती हाउहिया, चक्क बरोबर लिहिलेलं.
तो फाडायला घेतला होता.
पाकिटात आहे.
मुदत महिनाअखेरपर्यंत.