रात्रपाळीची लाईन

कपगते फोटोवाल्यानं जुना कॅमेरा विकताना
उरलेल्या एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर
निळ्या पेनानं लिहून दिलं होतं:
चक्री एमवर. फ्लॅश बंद म्हणजे बंद.
भिंग उघडेल तेवढं उघडं, साडेतीन.
आयएसओ सोळाशे, वर गेलीस तर मुंग्या येतील.
शटर वीस सेकंद, त्यापुढे तारे सरकतात.
आणि खाली, दोन रेघा ओढून: हलायचं नाही.

पत्रिकेच्या पुढून
चि. हेमकृष्ण आणि चि. सौ. कां. धनवंता
हळदीचा डाग लेऊन हे सगळं ऐकत होते.

या आठवड्यात शेतीची लाईन रात्री बाराला.
मोठीआई गव्हाला पाणी द्यायला निघाली,
कपाळावर बॅटरीचा पट्टा, पायात दादाचे गमबूट.
मागून मी. स्टँड नाही,
म्हणून खांद्यावर कोंड्याचं अर्धं पोतं.
"उजेडात काढतेत न वं फोटो," ती म्हणाली,
"अंधारात काय हाय काढाले?"

पहिला फोटो पूर्ण काळा.
भिंगावरचं झाकण काढलं नव्हतं.

दुसऱ्यात सगळं दोन-दोन,
बोटाच्या दाबानं पोतं दचकलेलं.
मग दोन सेकंदांचा टायमर लावला,
बटण दाबायचं आणि हात मागे घ्यायचा,
झोपलेल्या बाळाखालून घेतात तसा.

फोकस आपोआप होईना,
कॅमेरा नुसता कर्रर् कर्रर् धापा टाकी.
तेव्हा हातानं.
पडद्यावर एक तारा मोठा करून घेतला.
मोहरीएवढा होता,
कडं फिरवत नेलं तसा राजगिऱ्याएवढा झाला,
अजून फिरवलं, पुन्हा मोहरी.
तेवढंच मागे आले आणि थांबले.

दव पडत होतं. भिंग ओढणीनं पुसलं,
दुसरी बॅटरी काखेत ठेवली,
थंडीत तीही माणसासारखी गळते.

तिसऱ्यात आलं बुढीचं खाटलं.
चार पाय, मागून तीन चोर.
मोठीआई बारं बांधून आली, ओले हात पदराला पुसून
पडद्यावर वाकली.
"हा मधल्या चोराच्या बाजूले बारकासा कोन?"
मी मोठं करून पाहिलं. खरंच होता.
"लेकरू असंन त्याचं," ती म्हणाली,
"घरी कोनापाशी ठेवंन?"
आणि फावडं उचलून गेली.

मग चक्री बल्बवर, आयएसओ चारशे,
चार मिनिटं मनात मोजली, दोनदा आकडा चुकला.
फोटोत ती नाही.
नुसती पांढरी रेघ, बांधाबांधानं गेलेली,
जिथं ती वाकली तिथं जाड,
आणि खालच्या बांधीत एक गाठ.
"मी त नाईच याच्यात."
मग बोट ठेवलं गाठीवर:
"हं, इथं. खेकड्यानं पार पोखरली धुरी.
दोन ढेकळं टाकली, ऱ्हायलं नाई."
रेघेवरून तिनं सगळी रात्र वाचून दाखवली,
कुठं पाणी तुंबलं, कुठं पाय सरकला,
एका ठिकाणी म्हणाली, "इथं काई नाई, उभी होती उगीच."

"आता मले काढ. बॅटरी बंद करतो. हलत नाई."
मोटारीच्या खोलीवरच्या बल्बचा थोडा उजेड होता.
वीस सेकंद.
सात झाले असतील,
वरच्या बांधीत पाणी फुटल्याचा आवाज आला.
ती जागेवर राहिली,
पण मान वळली, खांदे वळले, हात फावड्याकडे गेला,
मग गेलीच.

सकाळी बसस्टँडवर कपगतेला दाखवला.
"फेल," तो म्हणाला. "सब्जेक्ट हलला."
दोन गमबूट स्वच्छ, चिखलात रुतलेले,
डावा टाचेला फाटका, तेही दिसतं.
गुडघ्यांच्या वर धूसर होत होत
पलीकडचा गहू.