उखळीचा सांधा

समुद्रपूरचा बाजार करून परतताना
आई काळीपिवळीत ड्रायव्हरमागच्या दांड्याला
गुडघे टेकून बसलेली.
पायाशी न खपलेले तीन खलबत्ते.
नाल्याच्या वळणावर रोही आडवा आला.
गाडी थांबली. गुडघाही थांबला दांड्यापाशी.
मांडीचं हाड तेवढं मागे निघून गेलं.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टर ठवकरांनी
फिल्म उजेडावर धरली,
हा उखळीचा सांधा, म्हणाले,
आणि कोपऱ्यात आक्रसून बसलेला माझा बाप
उठून पुढे आला.
चाळीस वर्षं काळ्या दगडात उखळच पाडलंय त्यानं.
"मांगची कड गेली," तो म्हणाला.
"दोन टवके. एक मोठा, एक चिल्लर."
डॉक्टरांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.
"पन साहेब, फुटलेलं उखळ आमी नाई जोडत.
कोंबड्यायच्या पान्याले ठेवतो."

सहा दिवस पायाला वजन टांगलेलं,
खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा.
रोज सकाळी सिस्टर म्हणायची, पंचफुलाबाई, अंगठा वर करा.
जोडवं काढलेला अंगठा वर व्हायचा,
शीर शाबूत आहे, सिस्टर लिहून घ्यायची.
"हालवते ना बाप्पा, किती डाव पाह्यसान?"

आदल्या रात्री डॉक्टरांनी बापाच्या तळहातावर
एक पट्टी ठेवली. आठ भोकं, जोडव्याहून पातळ.
"ही हातानं वाकवायची,
हाडाच्या उतारावर निजेपर्यंत."
"अन् इस्क्रू?"
"आत निघाला तर सांधा घासून खातो."
"आतून दिसते का तुमाले?"
"उखळीतलं नाही दिसत. मशीनवर बघतो, बाकी अदमास."
बाप बराच वेळ पट्टी अंगठ्यानं चाचपत राहिला.
मग म्हणाला,
"भाईरून मारायचं अन् आतलं सांभायाचं.
बेज्या अवघड हाय साहेब तुमचं."
त्या रात्री तो घोरला.
मी जागा होतो.

चार तास.
नव्या फिल्मवर पांढरी पट्टी,
कडेला धरून वळलेली.
बापानं मोजलं. "सात. एक तिरपा काऊन?"
"मोठा टवका तिथूनच धरता येत होता."
बापानं मान हलवली,
जशी दुसऱ्या कारागिराच्या मालाला हलवतो.

बारा आठवडे पाय टेकायचा नाही.
उकिडवं बसायचं तर कधीच नाही,
आणि आई जन्मभर उकिडवीच बसलेली,
चुलीशी, बाजारात, धुण्यापाशी.
बापानं प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडलं,
कडा कानशीनं घासून स्वतःच आधी बसून पाहिलं.
गॅस टेबलावर चढला.

तेराव्या आठवड्यात ती वॉकर सोडून उभी राहिली.
रात्री बाप जवळ गेला,
बोटाच्या पेरानं तिच्या कमरेवर
हळूच टकटक केलं, कान लावला.
चीर असली की दगड भद्द बोलतो,
तो हे आम्हाला लहानपणापासून सांगतो.
"सर तिकडं! मी का गोटा होय?"
"थांब ना. आयकू दे."
काय ऐकलं ते त्यानं सांगितलं नाही.

आता ती अंगणात येते,
एक पाय अजून विचारून टेकते.
कोंबड्यांच्या फुटक्या उखळात
न वाकता, उभ्यानंच तांब्या ओतते.
अर्धं पाणी आत, अर्धं मातीत.
कोंबड्या दोन्हीकडचं पितात.