पाळी

उदगीरच्या मोंढ्यात, बोर्डाच्या पत्र्याखाली
सकाळी सातला मी वही उघडतो.
वैजनाथ, मेहबूब, उंच गुंडप्पा,
आणि शेषेराव, ज्याचा उजवा खांदा
मागच्या तुरीपासून वर जात नाही.

डाळमिलवरून फोन:
दोन ट्रक हरभरा, सहा माणसं,
"अन् त्यो गुंडप्पा पायजेच."
शेठ, म्हटलं,
इथं माणूस निवडत नसतात,
पाळी असते.

पलीकडं गप्प.
काटा हलत राहावा पोतं उतरल्यावर, तसं.

माझा बाप चौकात उभा राहायचा
बाही दंडावर सरकवून.
मुकादम बोटानं दाबून बघायचा
आणि पुढच्याकडं जायचा.
बापानं हे कधी सांगितलं नाही.
मी मागंच होतो,
त्याच्या भाकरीचं फडकं धरून.

वहीत बोट खाली येतं.
बिल्ला एकशे अठरा. शेषेराव.
तो उठतो, हूक कमरेला खोचतो,
डावा खांदा झटकून बघतो.
"जमतंय," म्हणतो. मला नाही, मेहबूबला.
मेहबूब तंबाखू मळत म्हणतो,
"वरची थप्पी आमची. तू खाली ऱ्हा."
गुंडप्पाची पाळी उद्या;
तो आपल्या खांद्यावरचं गोणपाट
न बोलता शेषेरावकडं फेकतो.

संध्याकाळी मिलची पावती येते:
पोती चारशे, माणसं सहा.
कुणी किती उचलली
त्याला रकाना नाही.
मी मजुरीचे सहा सारखे भाग करतो,
लेव्ही वेगळी लिहितो,
आणि दिवा घालवायच्या आधी
उद्याचं पहिलं नाव बघून ठेवतो.